गुप्तरोग : नाम, निदान आणि निवारण

लैंगिक संबंधातून एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे संक्रांत होणाऱ्या रोगांस मराठीत ‘गुप्तरोग’ ही संज्ञा रूढ आहे. गुह्येंद्रियांचे रोग या अर्थाने ती प्रचारात आली असावी. तथापि व्यवहारात तिला आणखी दोन अर्थ चिकटले आहेत. एक असा की, हे रोग पुष्कळदा शरीरातच दडून राहतात व रोग्यास त्यांची जाणीव होत नाही. दुसरा असा की, जाणीव झाल्यावर रोगी ते इतरांपासून दडवून ठेवतो. पहिली गुप्तता जंतूच्या स्वभावातून आलेली आहे, तर दुसरी लोकव्यवहारातून. पहिलीवर मात करण्याची साधने गेल्या सव्वाशे वर्षांत विज्ञानाने उपलब्ध करून दिली. परंतु दुसरी कायम राहिली तर त्या साधनांचा उपयोग होत नाही. कारण रोगी तपासणीपर्यंत येऊनच पोहोचत नाही. या दोन गुप्ततांचा परस्परसंबंध रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रत्नागिरीचा संदर्भ निवडण्यास दोन कारणे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईच्या गिरण्यांना व गोदीला मनुष्यबळ पुरविणारा हा प्रमुख जिल्हा होय. घरातील कर्ता पुरुष मुंबईत आणि बायकामुले गावी, अशी कुटुंबाची विभागणी येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. दुसरे कारण असे की, या रोगांविषयी मराठीत उघडपणे व शास्त्रीय दृष्टीने सातत्याने लिहिणारे र. धों. कर्वे हे याच जिल्ह्यातील मुरूडच्या कर्वे घराण्यातले. त्यांनी ‘गुप्तरोगांपासून बचाव’ या नावाचे पुस्तकच लिहिले होते. आपल्या प्रतिपादनाच्या ओघात त्यांच्या कार्याचा विचार पुढे करावयाचा आहे.

नावांचा इतिहास

या रोगांना मिळालेली नावे पाहिली असता, रोग परक्याच्या माथी मारण्याची प्रवृत्ती किती जुनी आहे हे ध्यानात येते. सुश्रुतादी प्राचीन ग्रंथांत ‘उपदंश’ हा शब्द आढळतो. पण तेथे त्याचा अर्थ जननेंद्रियावरील नाना प्रकारचे व्रण व सूज असा व्यापक आहे. ज्याला आज इंग्रजीवरून सिफिलिस म्हणतात, त्या रोगाचे वेगळे व स्पष्ट वर्णन सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात येते आणि तेथे त्याचे नाव ‘फिरंग’ असे आहे. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला व १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले, हे लक्षात घेतले म्हणजे या नावाचा उगम सहज कळतो. भावमिश्राने त्याचे बाह्य, आभ्यंतर व उभयविध असे तीन प्रकार सांगितले आहेत. शरीर कृश होणे, नाक बसणे, हाडे झिजणे हे उपद्रवही त्याने नोंदविले आहेत. रसकर्पूर, म्हणजे पाऱ्याचा क्षार, आणि चोपचिनी ही त्याने सांगितलेली औषधे. चोपचिनीचे या रोगावरील गुण गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानेही १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात वर्णिले आहेत.

आपल्याकडे रोग फिरंग्यांच्या नावावर गेला, तर युरोपात फ्रेंचांनी तो नेपल्सच्या आणि इटालियनांनी फ्रेंचांच्या नावावर घातला. प्रत्येकाच्या मते रोग शेजाऱ्याकडून आला होता. मराठी बोलीतील ‘गरमी’ आणि ‘परमा’ ही नावे मात्र निराळ्या वळणाची आहेत. ‘गरमी’ म्हणजे फिरंगोपदंश; या नावात शरीरातील उष्णतेची कल्पना आहे. ‘परमा’ हे प्रमेहाचे बोलीरूप असून ते पूयमेहास, म्हणजे गनोरियास, लावले जाते. या नावांमुळे रोग संसर्गाने होतो ही गोष्ट दृष्टिआड होऊन तो आहारविहारातील उष्णतेचा परिणाम आहे, असा समज बळावला. पथ्य, थंडाई आणि एखादा गावठी काढा यांवर विसंबून रोगी महिनेच्या महिने घालवितो, त्याचे मूळ काही अंशी या शब्दांतही आहे.

रोगाची ओळख

फिरंगोपदंशाच्या वाटचालीत पहिली गुप्तता विशेष ठळकपणे प्रत्ययास येते. संसर्गानंतर १० ते ९० दिवसांत, बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, जंतू शिरला त्या जागी एक टणक, वेदनारहित व्रण उठतो. पुरुषाच्या शिश्नावर तो दिसतो; स्त्रीच्या गर्भाशयमुखावर किंवा योनीच्या आत उठल्यास तो दिसतही नाही. कोणताही उपचार न करता तीन ते सहा आठवड्यांत तो भरून येतो आणि घेतलेल्या काढ्याला श्रेय मिळते. त्यानंतर काही आठवड्यांनी अंगावर न खाजणारे पुरळ येते. ते तळहात व तळपाय यांवरही येते, ही त्याची ओळखीची खूण होय. ताप, अवधाण, घशातील व जननेंद्रियाजवळचे ओलसर चट्टे, डोक्यावरील केस विरळ होणे ही लक्षणेही या अवस्थेत आढळतात. हेही सर्व आपोआप नाहीसे होते. पुढे रोग सुप्तावस्थेत जातो. नॉर्वेमध्ये १८९१ ते १९१० या काळात ज्या रोग्यांना पाऱ्याचे उपचार दिले गेले नव्हते, त्यांचा पुढे माग काढला असता सुमारे चौथा ते तिसरा हिस्सा रोग्यांना उत्तरकालीन विकार झाल्याचे आढळले. दहा ते तीस वर्षांनंतर महारोहिणी, मेंदू, पाठीचा कणा, डोळे किंवा हाडे यांवर घाव घालणारा हा रोग त्या जुन्या व्रणाचाच विस्तार आहे, हे रोग्याच्या ध्यानात येणे कठीण असते.

पूयमेहाचे चित्र वेगळे आहे. पुरुषास साधारणतः दोन ते सात दिवसांत लघवीची आग होते व मूत्रमार्गातून पू येतो. त्यामुळे तो वैद्याकडे जाण्याची शक्यता अधिक. स्त्रियांपैकी बहुसंख्यांना काहीच लक्षण जाणवत नाही, किंवा अंगावर पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अशी लक्षणे होतात आणि ती बाईपणाचाच एक भाग म्हणून सोसली जातात. क्लॅमिडियाचा संसर्ग याहूनही अधिक मूक असतो. दोन्ही रोग गर्भाशयातून बीजवाहिन्यांपर्यंत चढतात, तेथे व्रणवण राहतात, आणि वंध्यत्व किंवा गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा हा त्याचा परिणाम होतो. संसर्ग नवऱ्याकडून येतो आणि ‘वांझ’ हा शब्द बायकोच्या वाट्याला येतो.

इतर रोगांची ओळख थोडक्यात अशी. मृदू उपदंशाचा व्रण दुखणारा, मऊ व पू असलेला असतो आणि जांघेत बद येते. हर्पीजमध्ये बारीक, झोंबणाऱ्या फोडांचे झुबके येतात, फुटतात, बरे होतात व पुन्हा उद्भवतात. ट्रायकोमोनासमुळे स्त्रीस फेसाळ, दुर्गंधीयुक्त स्राव व खाज होते. एचपीव्ही या विषाणूच्या काही जातींमुळे जननेंद्रियावर मस येतात, तर इतर काही जातींमुळे अनेक वर्षांनी गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. एचआयव्हीचा संसर्ग आरंभी साध्या तापासारखा येतो व नंतर कित्येक वर्षे निमूट राहतो. यांपैकी कोणताही व्रण असला म्हणजे एचआयव्हीस शरीरात शिरण्याची वाट अधिक मोकळी होते. म्हणून हे रोग एकेकटे पाहून चालत नाही.

लक्षण नसणे हे आरोग्याचे प्रमाण मानता येत नाही आणि लक्षण जाणे हे बरे होण्याचे, असा या सर्व वर्णनाचा निष्कर्ष आहे. म्हणूनच रक्ताची व स्रावाची तपासणी अपरिहार्य ठरते.

तपासणी व चिकित्सा

पूयमेहाचा जंतू नाइसर यांनी १८७९ साली शोधला. फिरंगोपदंशाचा सर्पिल जंतू शाउडिन व होफमान यांनी १९०५ साली दाखविला आणि पुढच्याच वर्षी वासरमान यांची रक्तपरीक्षा आली. सुप्तावस्थेतील रोग ओळखण्याचे साधन प्रथमच हाती आले. आज तिची जागा व्हीडीआरएल किंवा आरपीआर आणि टीपीएचए या परीक्षांनी घेतली असून, बोटातील थेंबभर रक्तावर काही मिनिटांत एचआयव्ही व फिरंगोपदंश या दोहोंची प्राथमिक तपासणी करणारी साधनेही उपलब्ध आहेत.

चिकित्सेचा प्रवास पाऱ्यापासून सुरू झाला. पाऱ्याने लाळ गळे, दात हलत, मूत्रपिंडे बिघडत. एर्लिख व त्यांचे सहकारी हाता यांनी सिद्ध केलेले ‘६०६’ क्रमांकाचे सोमलयुक्त औषध १९१० साली साल्वार्सान या नावाने बाजारात आले. १९४३ साली महोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनिसिलिनने फिरंगोपदंश बरा होतो हे दाखविले. रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत बेन्झाथिन पेनिसिलिनचे २४ लक्ष युनिटांचे एकच स्नायूतील इंजेक्शन पुरते. जुन्या सुप्त रोगास तेच आठवड्याच्या अंतराने तीनदा द्यावे लागते. ऐंशी वर्षांनंतरही या जंतूने पेनिसिलिनला दाद न देण्याची कला आत्मसात केलेली नाही.

पूयमेहाच्या जंतूने मात्र ती केली. सल्फा औषधे, पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही एकामागून एक निष्प्रभ होत गेली आणि आज मुख्य भिस्त सेफ्ट्रियाक्सोनसारख्या मोजक्या औषधांवर आहे. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने चार गोळ्या घेऊन स्राव थांबताच त्या सोडून देणे, ही सवय या प्रतिकारास पोषक ठरते. वैद्याकडे जाण्याची लाज जंतूलाच सामर्थ्य देते, असे येथे म्हणावे लागते.

प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी लक्षणसमूह पाहून त्या समूहाच्या सर्व संभाव्य कारणांवर एकदम औषध देण्याची पद्धती भारताच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात स्वीकारली गेली आणि त्यासाठी रंगांवरून ओळखता येतील अशी औषधांची पाकिटे ठरविण्यात आली. पद्धती सोयीची आहे. पण ज्या स्त्रीस लक्षणच नाही, ती या जाळ्यातून निसटते. म्हणून प्रत्येक रोग्याच्या जोडीदाराची तपासणी व उपचार हे चिकित्सेचे अविभाज्य अंग होय. एकट्या नवऱ्याने किंवा एकट्या बायकोने घेतलेले औषध पुनःसंसर्गाने वाया जाते. उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळणे हेही तितकेच आवश्यक आहे. हर्पीज समूळ जात नाही, पण औषधाने आवरता येतो. एचआयव्हीवरील औषधे भारतात १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळू लागली. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी राहिला तर जोडीदारास लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही.

चाकरमानी आणि गाव

आता रत्नागिरीकडे वळावयास हरकत नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कामासाठी बाहेर गेलेल्या पुरुषांची अनुपस्थिती या आकड्यात उमटली आहे. गिरण्या गेल्या तरी चाकरमान्याचे मुंबईला जाणे व शिमग्या-गणपतीला गावी येणे थांबलेले नाही. स्थलांतर हा काही रोग नव्हे, आणि चाकरमानी म्हणजे रोगी असे मानणे हा तर उघड अन्याय होईल. परंतु दीर्घ वियोग, शहरातील एकाकी वास्तव्य आणि संसर्गाचे अज्ञान ही तिन्ही एकत्र आली असता घडणारी घटना सर्वत्र सारखीच असते : संसर्ग सणाच्या सुट्टीत घरी येतो आणि गावाबाहेर कधी पाऊल न टाकलेली स्त्री रोगी होते. अशा स्त्रीच्या रक्तात दोष आढळला की तिच्या शीलाविषयी शंका घेतली जाते. रक्तपरीक्षेवरून संसर्ग आहे एवढेच कळते. तो कोणाच्या वर्तनातून आला हे ती सांगत नाही.

ग्रामीण स्त्रीच्या या मुक्या दुखण्याचे मोजमाप महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास, गडचिरोलीत, डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी केले. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग यांपैकी निदान एक विकार होता. ५५ टक्के स्त्रियांना आपल्या तक्रारीची जाणीव होती. पण पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हे सर्व विकार लैंगिक संसर्गाचे नव्हते, आणि गडचिरोलीचे आकडे रत्नागिरीस जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु दुखणे व दवाखाना यांमधील जे अंतर त्यांतून दिसते, ते कोकणच्या वाचकास अपरिचित वाटणार नाही.

या अंतराची सर्वांत मोठी किंमत अर्भकास मोजावी लागते. मातेस उपचार न झालेला फिरंगोपदंश असेल तर गर्भपात, मृतजन्म किंवा जन्मजात रोग संभवतो. गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत रक्त तपासून वेळीच पेनिसिलिन दिले तर हे बहुतांशी टळते. क्यूबा या देशाने एचआयव्ही व फिरंगोपदंश यांचे मातेकडून बालकाकडे होणारे संक्रमण सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपुष्टात आणल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिली. यासाठी लागणारे औषध १९४३ पासून माहीत असलेलेच आहे.

सक्ती, शिकवण आणि संमती

ही दुसरी गुप्तता मोडावी कशी, याचे एक उत्तर ब्रिटिश सरकारने १८६८ च्या सांसर्गिक रोगविषयक कायद्याने दिले होते. त्यान्वये वेश्यांची नोंदणी व सक्तीची शारीरिक तपासणी होई आणि रोगी ठरलेल्या स्त्रीस खास रुग्णालयात अडकवून ठेवीत. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांची तपासणी मात्र कायद्याच्या कक्षेत नव्हती. परिणाम अपेक्षितच झाला : स्त्रिया नोंदणी चुकवू लागल्या. साखळीतील एकच दुवा तपासून साखळी तुटत नाही. १८८८ साली हा कायदा रद्द झाला.

र. धों. कर्वे यांनी शिकवणुकीचा मार्ग धरला. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कार्यापायी १९२५ साली त्यांना विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी १९५३ मधील आपल्या निधनापर्यंत चालविले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. रोग हा पापाचे प्रायश्चित्त नसून जंतूंचे कार्य आहे आणि आरोग्याचा प्रश्न नीतीच्या प्रश्नाशी गुंतवू नये, ही कर्व्यांची मूळ भूमिका होती. त्यांच्या काळातील औषधे आज कालबाह्य झाली आहेत. ही भूमिका कालबाह्य झालेली नाही.

तिसरा मार्ग संमतीचा. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच एकमेकींच्या शिक्षिका बनवून निरोधाचा प्रसार केला. १८६८ च्या कायद्याने ज्यांना केवळ रोगाचे उगमस्थान मानले, त्याच येथे प्रतिबंधाच्या कार्यकर्त्या झाल्या. एचआयव्हीविषयक २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय तपासणी करण्यास व रोग्याची माहिती उघड करण्यास बंदी घातली. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. रोग्याचे नाव गुप्त राहील ही खात्री असली म्हणजेच रोग उघड होतो, हे तत्त्व या कायद्याच्या मुळाशी आहे.

प्रतिबंध

प्रतिबंधाचे उपाय संख्येने थोडे व स्वरूपाने साधे आहेत. प्रत्येक संबंधाच्या वेळी निरोधाचा योग्य वापर केल्यास एचआयव्ही, पूयमेह व क्लॅमिडिया यांपासून उत्तम संरक्षण मिळते; हर्पीज, एचपीव्ही व फिरंगोपदंश यांचा व्रण निरोधाने न झाकलेल्या जागी असू शकतो, म्हणून त्यांपासून मिळणारे संरक्षण काहीसे कमी असते. कावीळ ब आणि एचपीव्ही यांवर लस आहे. एचपीव्हीवरील भारतीय बनावटीच्या, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लसीस २०२२ साली मान्यता मिळाली. ही लस वयात येण्याच्या सुमारास, संसर्गाची शक्यता उद्भवण्यापूर्वी, दिल्यास विशेष गुणकारी ठरते. एचआयव्हीच्या संभाव्य संसर्गानंतर ७२ तासांच्या आत औषधे सुरू करून २८ दिवस घेतल्यास संसर्ग टळू शकतो. गरोदर स्त्रीची आणि जोडीदारांची तपासणी, तसेच तपासलेलेच रक्त चढविणे, ही या यादीतील उरलेली कलमे होत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयोगटात फिरंगोपदंश, पूयमेह, क्लॅमिडिया व ट्रायकोमोनास या चार रोगांचे सुमारे ३७ कोटी ४० लक्ष नवे संसर्ग झाले. हे चारही रोग औषधाने पूर्ण बरे होतात. बरे होणारे रोग इतक्या प्रमाणावर टिकून राहतात, याचे कारण केवळ औषधांच्या अभावात शोधून भागणार नाही. निदान व औषध ही दोन्ही जिथे हाताशी आहेत, तिथेही रोगी त्यांच्यापर्यंत पोहोचण्यास उशीर लावतो. आणि हा उशीर लज्जेचा, भीतीचा व गैरसमजाचा असतो. संशोधकांनी जंतूच्या गुप्ततेचा अभ्यास पुष्कळ केला आहे. लोकांच्या गुप्ततेचा अभ्यास भाषा, कुटुंब, स्थलांतर आणि कायदा या अंगांनी व्हावयास हवा, आणि तो मराठीतच होणे अगत्याचे आहे. कारण ज्या शब्दांनी हे रोग दडविले गेले ते शब्द मराठी आहेत.